पोकर खेळताना लक्ष टिकत नाही, समोरच्याकडे नेमकं बघायचं तरी काय?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होतो, आज विचारतोच. आम्ही सात मित्र दर शनिवारी रात्री एकाच्या गच्चीवर पोकर खेळतो, टेक्सास होल्डेम, म्हणजे प्रत्येकाला हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच. पैसे अजिबात लावत नाही, प्लास्टिकच्या चिप्स आणल्यात, सुरुवातीला सगळ्यांना सारख्या वाटायच्या आणि महिनाअखेरी ज्याच्याकडे सगळ्यात कमी त्याने बाकीच्यांना जेवण द्यायचं, थंडीत हुरडा, नाहीतर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि आमटी. आमच्यातले दोघं आधी ॲपवर खेळायचे, पण २०२५ च्या ऑगस्टमधे केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैशाचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हापासून समोरासमोर बसून खेळायला लागलो आणि खरं सांगतो, हेच जास्त भारी वाटतं.

माझा प्रॉब्लेम असा की पहिला तासभर डोकं एकदम ताजं असतं, कोण किती लावतोय, कोण कधी पत्ते टाकतोय म्हणजे डाव सोडतोय, सगळं दिसतं. नंतर हळूहळू सगळं पुसट व्हायला लागतं. चांगले पत्ते आले नाहीत की मोबाईल हातात येतो, मग माझी पाळी आली की कोणीतरी "अरे तुझं आहे बे" म्हणून हाक मारतं, आणि मला टेबलावर काय चाललंय तेच माहीत नसतं. म्हणून मधे दोन शनिवार ठरवून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसलो, तर त्यातनं काहीच कळलं नाही, फक्त डोकं दुखलं.

मागच्या शनिवारचा एक डाव सांगतो. माझ्या हातात बदाम एक्का आणि इस्पिक राणी. फ्लॉपला, म्हणजे टेबलावर उघडलेले पहिले तीन पत्ते, चौकट राणी, किलवर अठ्ठी, बदाम तिर्री. मी बेट केलं म्हणजे चिप्स लावल्या, बाकीचे पळाले, एकटा राहिला, बँकेत असतो तो मित्र. त्याने कॉल केलं, तेवढ्याच लावल्या. टर्नला, म्हणजे चौथा पत्ता, चौकट दुर्री, परत बेट, परत कॉल. रिव्हरला, म्हणजे पाचवा शेवटचा पत्ता, इस्पिक सत्ती, मी परत लावले आणि त्याने एकदम तिप्पट रेझ केलं, म्हणजे वाढवलं. माझ्याकडे राणीची जोडी आणि बरोबर एक्का, मला वाटलं ब्लफ करतोय, पत्ते नसताना नुसता दम देतोय, कॉल केलं. त्याने उघडल्या तीन अठ्ठ्या. घरी जाताना माझ्या शेजारी बसलेला म्हणतो, अरे फ्लॉप पडल्या पडल्या त्याने स्वतःच्या चिप्सकडे बघितलं की, तुला दिसलं नाही का? नाही दिसलं, मी फ्लॉपकडे बघत होतो.

तर जे बरेच दिवस खेळतात त्यांना विचारायचंय, कोणाकडे, कधी आणि काय बघायचं, आणि तीन-चार तास लक्ष टिकवायचं कसं?

सातरस्ता_सिग्नल

मालक, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर हाय. फ्लॉप पडला की सगळे फ्लॉपकडे बघतात, तुम्ही बघू नका. ते तीन पत्ते कुठं पळून जात नाहीत, पाच सेकंदांनी पण तिथंच असतात. पण पत्ते पडताना समोरच्याचं जे काय व्हायचं ते त्या एक-दोन सेकंदातच होतं, नंतर तो सावरतो. पत्ते पडायला लागले की नजर माणसावर, माणूस बघून झाला की मग बोर्ड, म्हणजे टेबलावरचे पत्ते.

तसंच स्वतःचे दोन पत्ते वाटल्या वाटल्या उचलून बघायची घाई करू नका. तुमची पाळी येईपर्यंत ते पालथेच राहू देत. तेवढ्या वेळात डाव्या हाताला बसलेले दोघं पत्ते कसे बघतात ते बघा, कारण ते तुमच्यानंतर बोलणार असतात आणि त्यांचा बेत आधी कळला तर तुमचा निर्णय सोपा होतो. आमच्यात एक जण आहे, त्याला टाकायचेच पत्ते आले की तो ते दोन बोटांत धरून ठेवतो, फेकायच्या तयारीत. खेळायचे असले की खाली ठेवतो आणि वर एक चिप ठेवतो. चार वर्षं झाली, अजून तसंच करतोय.

आता लक्ष टिकवायचं म्हणाल तर एक हिशोब करा. घरी पत्ते आपणच पिसायचे, आपणच वाटायचे म्हटल्यावर तासाला वीस-पंचवीस डाव होतात. नीट खेळणारा माणूस त्यातले पाच-सहा फार तर सात खेळतो. म्हणजे तासातला पाऊण वेळ तुम्ही डावाच्या बाहेर असता आणि तुमचा मोबाईल नेमका त्याच वेळेला बाहेर येतो. आणि शिकायची खरी वेळ तीच असते हो, कारण तेव्हा तुमच्या चिप्स अडकलेल्या नसतात, मनात भीती नसते, हाव नसते, डोकं मोकळं असतं. मी गोव्याला दोन-तीन टुर्नामेंट खेळलोय, तिथले मुरलेले लोक पत्ते टाकल्यावर जास्त सावध बसायचे हे मी स्वतः बघितलंय.

पण सहाही जणांना बघायला जाऊ नका, तुमचं डोकं त्यानेच दुखलं. एका शनिवारी एकच माणूस धरा. आणि त्याच्याबद्दल एकच प्रश्न धरा. बँकवाल्यालाच घ्या. प्रश्न असा, हा चांगले पत्ते असताना लगेच रेझ करतो का दाबून ठेवतो? बस, रात्रभर एवढंच.

आणि ज्या डावात पत्ते उघडतात तो डाव सोडू नका. बाकी सगळा अंदाज असतो, उघडल्यावर मात्र पुरावा मिळतो. लोक काय करतात, कोण जिंकलं ते बघतात, हसतात आणि पुढचे पत्ते पिसायला घेतात. तुम्ही तेव्हा मागे जायचं. तीन अठ्ठ्या होत्या ना, मग फ्लॉपला काय केलं, नुसतं कॉल. टर्नला, नुसतं कॉल. रिव्हरला तिप्पट. म्हणजे हा माणूस मोठा हात, भारी पत्ते लागले की ते शेवटपर्यंत झाकून नेतो, एवढं त्या एका डावाने तुम्हाला फुकट सांगितलं. पुढच्या वेळी तो दोनदा गुपचूप कॉल करून रिव्हरला उठला तर एका जोडीवर कॉल करायचा नाही.

यंत्रमाग_अशोकचौक

मला पोकर येत नाही, आम्ही मेंढीकोट खेळणारी माणसं. पण लक्षाचं विचारलंय म्हणून लिहितो, वय ६१ आहे, ३५ वर्षं टॉवेलच्या मागावर काढलीत.

कारखान्यात मी एकटा चार माग बघायचो. नवीन पोरगं आलं की ते या मागाकडून त्या मागाकडे पळत राहतं, डोळे फाडून प्रत्येक धागा बघायला जातं आणि दुपारपर्यंत दमतं, आणि नेमकं पाठ फिरवली तिथंच धागा तुटतो. जुना माणूस तसं करत नाही. त्याच्या कानात चारही मागांचा आवाज बसलेला असतो, खटखट खटखट, त्या आवाजाला तो लक्षच देत नाही. पण एका मागाची खटखट जराशी बदलली, धोटा थोडा वेगळा वाजला, की मान आपोआप तिकडं वळते. कधी कधी तर कांडी संपायच्या आधीच कळायचं. हे मला कोणी शिकवलं नाही आणि मी पण कोणाला शिकवू शकलो नाही, पण पहिले सहा महिने मी एकेका मागापाशी उभा राहून नुसता त्याचा नेहमीचा आवाज ऐकला होता एवढं खरं.

तुमच्या मित्रांचं पण असंच असणार बघा. आधी माणसाचं रोजचं वागणं डोक्यात बसू द्या, तो सहज कसा बसतो, कसा बोलतो, चिप्स कशा टाकतो. ते एकदा बसलं की वेगळं काही झालं तर तुम्हाला मुद्दाम बघावं लागणार नाही.

मेंढीकोटात पण बावन्न पत्ते कोणी लक्षात ठेवत नाही. मी हुकमाचे पत्ते मोजतो आणि चार दश्श्या कुठं गेल्या ते, बाकी सोडून देतो. सगळं धरायला गेलं की सगळंच सुटतं.

आकडेमोड

वर दोघांनी छान लिहिलंय पण मी थोडा वेगळा बोलणार आहे, राग मानू नका.

चेहरा वाचायच्या नादाला फार लागू नका. २०१३ साली सायकॉलॉजिकल सायन्स या जर्नलमधे एक अभ्यास आला होता, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धेच्या व्हिडिओचे छोटे तुकडे कॉलेजच्या मुलांना दाखवले आणि विचारलं की या खेळाडूचे पत्ते किती चांगले वाटतात. ज्यांना फक्त चेहरा दाखवला त्यांचे अंदाज नाणं उडवण्यापेक्षाही वाईट निघाले. ज्यांना फक्त चिप्स पुढे सरकवणारे हात दाखवले त्यांचे अंदाज मात्र बरे निघाले. चेहऱ्यावर माणसाचा ताबा असतो, तो मुद्दाम खोटं दाखवतो, हातांकडे त्याचं लक्ष नसतं. तेव्हा बघायचंच असेल तर हात बघा, चिप्स एका दमात सफाईने पुढे आल्या का अडखळत आल्या. आणि हात थरथरायला लागले म्हणजे घाबरला, ब्लफ आहे, असं नवीन लोक समजतात, ते बहुतेक वेळा उलटं असतं, मोठा हात लागला की अंगात जी उत्तेजना येते त्याने हात थरथरतात. चिप्सकडे टाकलेली नजर पण तशीच, बऱ्याचदा पत्ते लागल्याचीच खूण असते, पण तुमच्या मित्राच्या बाबतीत ती खरी आहे का हे पाच-सहा वेळा बघितल्याशिवाय धरू नका.

माझा भर मात्र बेटवर आहे. कोणी किती लावलं, कुठल्या जागेवरून लावलं, आधीच्या फेरीला काय केलं होतं, ही माहिती खोटी असू शकते पण ती फुकट नसते, समोरच्याने त्यासाठी चिप्स मोजलेल्या असतात. तुमच्याच डावात बघा. हातात जोडी यायलाच साधारण १७ डावात एकदा, आणि त्या जोडीला फ्लॉपला तिसरा पत्ता जुळायचा साधारण साडेआठात एकदा, म्हणजे तीन अठ्ठ्या कमीच लागतात, तुम्हाला त्या सुचल्या नाहीत यात नवल नाही. पण प्रश्न तीन अठ्ठ्यांचा नव्हताच. बोर्डवर एका रंगाचे तीन पत्ते नव्हतेच, म्हणजे फ्लश (पाचही पत्ते एकाच रंगाचे, सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक) कोणाचाच होऊ शकत नव्हता, आणि फ्लॉपचे तिन्ही पत्ते वेगवेगळ्या रंगांचे, तेव्हा फ्लॉपपासून फ्लशच्या आशेने कॉल करत आला आणि हुकल्यावर ब्लफ करतोय ही शक्यता पण कमीच. मग दोन वेळा शांत कॉल करून तिसऱ्या वेळी तिप्पट करणारा माणूस कशावर करतोय? राणीच्या एका जोडीला हरवणाऱ्या हातावरच करतोय. यासाठी त्याच्या तोंडाकडे बघायची गरज नव्हती, फक्त तीन फेऱ्यांची गोष्ट सलग आठवायला पाहिजे होती.

एक जुना डाव सांगतो, मला फार आवडतो. २००३ ची वर्ल्ड सिरीज, ख्रिस मनीमेकर म्हणून टेनेसीचा एक अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून दहा हजार डॉलर प्रवेश फीच्या मुख्य स्पर्धेत पोचला, ८३९ खेळाडूंतून शेवटच्या दोघांत आला, समोर सॅम फरहा, मुरलेला खेळाडू. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती, फरहाकडे राणी-नश्शी. टर्नपर्यंत बोर्डवर नश्शी, दुर्री, छक्की, अठ्ठी आणि त्यात तीन इस्पिक. मनीमेकरला फ्लश पण लागू शकत होता आणि स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) पण, रिव्हरला बदाम तिर्री पडली, दोन्ही हुकलं. त्याने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. फरहाकडे बोर्डावरची सगळ्यात मोठी जोडी होती, तो बराच वेळ बसला, फ्लश हुकला असणार हे तोंडाने बोलला सुद्धा, आणि तरी पत्ते टाकले. मनीमेकर पुढे जिंकला, २५ लाख डॉलर. फरहाला दिसलं नव्हतं असं नाही, दिसलं होतं, पण त्या क्षणी त्यावर भरवसा ठेवता आला नाही. म्हणून म्हणतो, नजरेला बेटच्या गोष्टीचा आधार पाहिजे.

जुळे_सोलापूरकर

बापरे, एवढं सविस्तर लिहिलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं मागाच्या आवाजाचं वाचून अंगावर काटा आला, माझे आजोबा पण मागावरच होते.

दोन शंका. एक, आमच्यात एक जण सतत बडबडतो, समोरच्याचं लक्ष उडवायला मुद्दाम बोलतो, त्याचं काय करायचं? आणि दोन, लक्षात राहत नाही म्हणून मोबाईलवर नोट्स लिहिल्या तर चालेल का?

सातरस्ता_सिग्नल

बडबड्या माणूस देणगी आहे मालक. तो काय बोलतो ते सोडा, तो कधी गप्प होतो ते बघा. आणि टेबलावर मोबाईल नकोच, नोट्सच्या नावाने उघडाल आणि व्हॉट्सॲपवर जाल. घरी आल्यावर झोपायच्या आधी वहीत दोन ओळी लिहा, कोण, काय केलं, काय उघडलं. आठवत नसेल तर लिहू नका, कल्पनेने भरू नका.

विजापूररोड_ताई

मी नवऱ्याच्या ग्रुपमधे खेळते, दीड वर्ष झालं, एकटीच बाई आहे म्हणून सुरुवातीला सगळे मला ब्लफ करायचे, हिला काय कळतंय म्हणून. मी सहा महिने फक्त बघितलं आणि आता ते करत नाहीत.

वर कोणी लिहिलं नाही ते लिहिते. दादा, तुम्ही किती वाजता बसता आणि काय खाऊन बसता? आठवडाभर कामावर जाऊन शनिवारी रात्री पोटभर मटण-भाकरी खाऊन गच्चीवर बसलात तर दहा वाजता डोळे जड होणारच, त्यात एप्रिल-मे मधे सोलापूरची गच्ची रात्री सुद्धा तापलेली असते, भिंतीला हात लावला तर कळतं. आम्ही नियम केलाय, आधी हलकं खायचं, दर तासाला दहा मिनिटं सगळ्यांनी उठायचं, पाणी प्यायचं, तोंड धुवायचं, जेवण शेवटी. आणि मोबाईल सगळ्यांचे एका डब्यात. एकट्याने ठेवला तर जमत नाही, बाजूच्याचा वाजला की आपला हात खिशात जातोच. हा एकच बदल केला आणि आमचा खेळ निम्म्याने सुधारला असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे लक्ष जातं ते फक्त कंटाळ्याने जात नाही. मोठा डाव हरल्यावर पुढचे चार-पाच डाव डोक्यात तोच घोळत राहतो, मी कॉल का केलं, मी कॉल का केलं. तेव्हा डोळे टेबलावर असतात पण काही दिसत नाही. तुमचं त्या तीन अठ्ठ्यांनंतर काय झालं ते आठवून बघा. मी अशा वेळी पुढचे दोन डाव न बघता टाकून देते, एक्के आले असले तरी गेले, आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणाचा तरी एक डाव पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बघते. दुसऱ्याच्या डावात शिरलं की स्वतःचा डाव डोक्यातून निघतो.

आणि तुम्ही बघताय तसं तुम्हाला पण कोणीतरी बघतंय. मी चांगले पत्ते आले की मंगळसूत्राशी चाळा करायचे, मला कित्येक महिने माहीत नव्हतं, नवऱ्याला माहीत होतं आणि तो दरवेळी पत्ते टाकून बसायचा. आता मी दरवेळी सारखंच करते, पत्ते बघायचे, ठेवायचे, मनात तीनपर्यंत मोजायचं आणि मग बोलायचं, पत्ते कसलेही असोत. यात एक फायदा असा झाला की ते तीन आकडे मोजताना लक्ष आपोआप परत टेबलावर येतं.

एक विनंती, कोणाची खूण कळली तर ती टेबलावर बोलून दाखवू नका, मित्र आहेत म्हणून सुद्धा नाही. तो माणूस मग पुढे मोकळेपणाने बसत नाही, सगळा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहतो, आणि शनिवारची मजा जाते. आमच्यात एकाने असंच जाहीर केलं होतं, ज्याचं केलं तो नंतर दोन महिने आलाच नाही.

जुळे_सोलापूरकर

ताई, तुमचं बरोबर आहे, त्या डावानंतर मी तासभर तोच डाव खेळत होतो.

काल खेळलो, म्हणून लिहितोय. मोबाईल डब्यात ठेवायचं सगळ्यांनी मान्य केलं, एकाची बायको माहेरून येणार होती म्हणून त्याचा फक्त बाहेर ठेवला. मी ठरवून बँकवाल्यालाच धरलं, प्रश्न तोच, मोठा हात दाबतो का. पत्ते टाकले की फक्त त्याचे हात बघायचे. पहिला तास काहीच झालं नाही, तो पण पत्ते टाकत होता. मग एका डावात, मी नव्हतो त्यात, त्याने फ्लॉपला कॉल, टर्नला कॉल आणि रिव्हरला रेझ केलं. मी मनात म्हटलं, झालं, तीन सारखे. समोरच्याने कॉल केलं, उघडले तर दोन जोड्या, राजा आणि नश्शी. म्हणजे नेमकं तेच नव्हतं पण मोठा हात होता आणि तसाच दाबून आणला होता. खरं सांगतो, स्वतः डाव जिंकल्यावर झाला नसता एवढा आनंद झाला.

आणि साडेअकराच्या सुमारास माझ्याकडे राजा-राजा. फ्लॉपला सगळे छोटे पत्ते, मी बेट, तो कॉल. टर्नला परत तेच. रिव्हरला मी लावले आणि तो थांबला, चिप्सना हात लावला, काढला, परत लावला आणि रेझ केलं. मी दोन्ही राजे टाकले. त्याने पत्ते दाखवले नाहीत, पालथेच सरकवले आणि पिसायला घेतले. रात्रभर तेच डोक्यात आहे, बरोबर टाकले का नाही.

आकडेमोड

त्याचे पत्ते काय होते ते आता सोडून द्या, ते कळणार नाही. दोन जोड्यांच्या डावात रेझ करताना तो असाच अडखळला होता का? हात लावला, काढला, परत लावला असं?

जुळे_सोलापूरकर

नाही. तेव्हा एका दमात टाकल्या होत्या, हे मी अगदी समोरून बघितलं. आणि तीन अठ्ठ्यांच्या वेळी कसं होतं ते आठवत नाही, शेजारच्याला विचारून बघतो, त्याला बहुतेक आठवत असेल.

सातरस्ता_सिग्नल

विचारू नका त्याला, सांगितलं की बँकवाल्यापर्यंत जाणार. पुढच्या शनिवारी परत तोच माणूस धरा, यावेळी प्रश्न फक्त हातांचा.